आडव्या तेलविहिरीतले लॉगिंग आणि पाईपमधून उलटा येणारा मड

नाशिकमध्ये तेलाची विहीर नाही आणि होण्याची शक्यताही नाही. आपल्या पायाखाली काळ्या बेसाल्टचे जाडजूड थर आहेत. गंमत अशी की हाच दख्खनचा कातळ गुजरातेत खंबातच्या खोऱ्याखाली खोल गाडला गेला आहे आणि तिथल्या तेलधारक थरांचा तो तळ आहे. त्या भागातल्या विहिरींशी माझा संबंध आधी लॉगिंगच्या, म्हणजे विहिरीत उपकरणे सोडून खडकाच्या थरांचे मोजमाप घेण्याच्या, नोकरीमुळे आला आणि आता अंबडमधल्या आमच्या छोट्या कारखान्यामुळे टिकून आहे, कारण ड्रिल पाईपमध्ये बसणारे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आमच्याकडे दुरुस्तीला आणि चाचणीला येतात. या व्हॉल्व्हचे काम एका वाक्यात सांगता येते: मड, म्हणजे विहिरीत फिरवत ठेवलेला जड द्रव, वरून खाली जाऊ द्यायचा आणि खालून वर येऊ द्यायचा नाही. तरीही त्यावर एवढे लिहावेसे वाटते, ते अशासाठी की मोजमाप सुरू असताना हा व्हॉल्व्ह जितके वाचवतो तितकेच झाकतोही, आणि ही दुसरी बाजू या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलांना सहसा कोणी समजावून सांगत नाही.

उभ्या विहिरीत लॉगिंग तुलनेने सरळ असते. गॅमा, घनता, न्यूट्रॉन, रोधकता अशी उपकरणे एकाखाली एक जोडून केबलला बांधायची, ती स्वतःच्या वजनाने तळाशी जातात, आणि मग केबल वर ओढत मोजमाप घ्यायचे. विहीर उभ्या रेषेपासून साधारण ६० ते ६५ अंशांच्या पुढे कलली की उपकरणांचे वजन घर्षणापुढे हरते; ती विहिरीच्या खालच्या भिंतीवर आडवी पडतात आणि पुढे सरकत नाहीत. मग त्यांना ढकलत न्यावे लागते. त्यासाठी ट्रॅक्टर नावाचे चाकांचे यंत्र आहे, कॉइल्ड ट्युबिंग, म्हणजे रिळावर गुंडाळलेली लांब नळी, आहे, पण उघड्या विहिरीत, म्हणजे केसिंग (भिंत धरून ठेवणारा पोलादी पाईप) न बसवलेल्या भागात, सर्वांत भरवशाचा मार्ग अजूनही ड्रिल पाईपचाच आहे. उपकरणे पाईपच्या टोकाला जोडतात किंवा पाईपच्या आत बसवून तळाशी गेल्यावर पंपाच्या दाबाने बाहेर काढतात. पहिल्या प्रकारात केबल नंतर पाईपच्या आतून खाली पंप करून उपकरणांना जोडली जाते. दुसऱ्यात केबल नसतेच. बॅटरी आणि मेमरी उपकरणातच असतात आणि पाईप बाहेर काढता काढता नोंद होत जाते.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. पाईप हा एरवी ड्रिलिंगमध्ये मड खाली नेणारा रस्ता असतो. लॉगिंगमध्ये तो उपकरणाचे घर आणि केबलचा मार्गही होतो. त्यामुळे त्या रस्त्यातून काही उलटे वर आले, तर ते थेट मोजमापाच्या अंगावर येते.

उलटा प्रवाह का होतो, हे आकड्यांत पाहिले की नीट कळते. पाईपचा आतला भाग आणि पाईप व विहिरीची भिंत यांमधली पोकळी, म्हणजे ॲन्युलस, हे खाली एकमेकांना जोडलेले दोन स्तंभ आहेत. समजा विहिरीची उभी खोली २००० मीटर आहे, पाईपमध्ये स्वच्छ मड १.२५ घनतेचा आहे आणि ॲन्युलसमधल्या मडमध्ये खडकाचा चुरा राहिल्यामुळे त्याची सरासरी घनता १.२८ झाली आहे. घनता गुणिले खोली भागिले दहा हे रिगवरचे नेहमीचे सूत्र वापरले, तर पाईपच्या बाजूने २५० आणि ॲन्युलसच्या बाजूने २५६ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर दाब येतो. फरक फक्त ६ केजीचा आहे. पण तो भरून निघायचा तर पाईपमधला मड रिगच्या फरशीच्याही वर ४८ मीटर चढायला हवा. तेवढा पाईप वर नसतो, म्हणून जोडणीसाठी पाईपचे तोंड उघडले की मड बाहेर वाहू लागतो. पाच इंची ड्रिल पाईपमध्ये दर मीटरला सुमारे सव्वानऊ लिटर मड मावतो, त्यामुळे ही गळती बादलीत मावणारी नसते.

आडव्या विहिरीत यात एक भर पडते, आणि माझ्या मते सगळ्या विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. उभ्या विहिरीत ॲन्युलसमधला जड मड पाईपच्या टोकातून आत शिरला की पाईपमधला स्तंभ हळूहळू जड होतो आणि प्रवाह आपोआप मंदावतो. आडव्या विहिरीत पाईपचे टोक १००० मीटर आडव्या भागात असेल, तर आत शिरणारा जड मड आधी तो आडवा पाईप भरतो, आणि आडव्या पाईपमधल्या मडने खोली वाढत नाही, म्हणून दाबही वाढत नाही. नऊ घनमीटरांहून अधिक मड आत येईपर्यंत पाईपच्या बाजूचे पारडे मुळीच जड होत नाही. ॲन्युलसमध्ये वरून स्वच्छ मड भरला जात असल्याने ढकलणारा दाब थोडा उतरतो, हे खरे. पण ॲन्युलसचे आकारमान मोठे असल्यामुळे तो उतार फार नसतो. म्हणजे ज्या विहिरीत उलट्या प्रवाहाने सर्वांत जास्त नुकसान व्हायचे, त्याच विहिरीत तो स्वतःहून थांबायला सर्वांत जास्त वेळ घेतो.

आत येणारा मड स्वच्छही नसतो. आडव्या भागात खडकाचा चुरा वाहून वर न जाता विहिरीच्या खालच्या बाजूला थर करून बसतो. वळणाच्या भागात, जिथे विहीर चाळीस ते साठ अंशांत कललेली असते, तिथे पंप थांबताच तो थर खाली घसरतो. पाईपचे टोक नेमके अशाच जागी असते आणि उलटा प्रवाह या चुऱ्यातूनच वाट काढत पाईपमध्ये शिरतो.

केबलच्या पद्धतीत याचा फटका डॉकिंग हेडला बसतो. उपकरणांच्या डोक्यावर असलेल्या या भागात विजेच्या जोडणीची पिन असते. केबलच्या टोकाचा सॉकेट वजनाच्या सळ्यांसह पंपाने खाली ढकलत नेऊन, मडने भरलेल्या पाईपमध्ये, तिच्यावर बसवायचा असतो. ही जोडणी द्रवात होते म्हणून तिला वेट कनेक्ट म्हणतात. ती करण्याआधी पाईप केसिंगच्या तळाजवळ थांबवून, बाजूने केबल आत घेणारा साईड एंट्री सब बसवावा लागतो. कप्पी लावणे, केबल ओवणे, सॉकेट जोडणे, या सगळ्या कामात पाईपचे तोंड बराच वेळ उघडे राहते आणि पंप बंद असतो. त्या वेळात खालून चुरा आला तर तो पिनेभोवतीच्या खोबणीत बसतो. मग वरून सॉकेट कितीही वेळा आपटला तरी तो पूर्ण बसत नाही, किंवा बसल्यासारखा वाटतो आणि इन्सुलेशन मोजल्यावर आकडा पडलेला दिसतो. चुरा मूठभर पुरतो. तो धुऊन निघाला नाही तर सगळा पाईप बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि रिगचे भाडे तासांवर चालू असते.

मेमरी पद्धतीत जोडणीचा प्रश्न नसतो, पण उपकरण पाईपमधून बाहेर सरकण्याच्या जागी चुरा साचला तर ते अर्धवट बाहेर येऊन अडकू शकते. यातली खरी धास्ती वेगळीच आहे. घनता मोजणाऱ्या उपकरणात सिझियम १३७ आणि न्यूट्रॉनच्या उपकरणात अमेरिशियम-बेरिलियम असा किरणोत्सारी सोर्स असतो. तो विहिरीत अडकून राहिला आणि काढता आला नाही, तर त्याच्यावर सिमेंट ओतून ती जागा कायमची बंद करण्याची, नोंद ठेवण्याची आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवण्याची वेळ येते. म्हणून लॉगिंगवाल्याला पाईपमधल्या चुऱ्याची जितकी भीती वाटते तितकी ड्रिलरला वाटत नाही, आणि दोघांचे खटके इथेच उडतात.

तिसरे नुकसान हिशेबाचे आहे. पाईप खाली जाताना किंवा वर येताना विहिरीत किती मड गेला आणि किती बाहेर आला, हे ट्रिप टँकवर मोजले जाते. विहीर मड पिते आहे की तिच्यात वायू शिरतो आहे, हे कळण्याचा तो पहिला मार्ग असतो. पाईपच्या तोंडातून वर उसळून फरशीवर सांडलेला मड या हिशेबात येतोच असे नाही. मड बकेट, म्हणजे पाईपच्या जोडाभोवतीचे भांडे, लावून तो परत वळवला तरी तो ट्रिप टँकमध्ये जातो की दुसऱ्याच टाकीत, हे त्या रिगच्या नळ्यांवर अवलंबून असते. तो दुसरीकडे गेला तर त्या दिवशीचा हिशेब निरुपयोगी होतो, मग कागदावर आकडे कितीही नीट लिहिलेले असोत.

आता रोखण्याकडे वळतो. पहिला उपाय व्हॉल्व्हचा नाही, हे व्हॉल्व्हच्या धंद्यातला माणूस म्हणून मुद्दाम सांगतो. पाईप आत नेण्याआधी विहीर साफ करणे, म्हणजे आडव्या भागातला चुरा पाईप फिरवत, पुरेसा वेळ मड फिरवून बाहेर काढणे आणि परत येणाऱ्या मडची घनता जाणाऱ्या मडइतकी होईपर्यंत न थांबणे, याने वर सांगितलेला ६ केजीचा फरक जवळजवळ नाहीसा होतो. तो फरक नसेल तर व्हॉल्व्हला फारसे काम उरत नाही. दुसरा उपाय स्लगचा, म्हणजे थोड्या जास्त जड मडचा. तीन घनमीटर मड १.४५ घनतेचा करून पाईपच्या वरच्या भागात ठेवला, तर आतली पातळी सुमारे ५० मीटर खाली बसते आणि तोंड उघडल्यावर पाईप कोरडा मिळतो. आडव्या विहिरीत मात्र हा स्लग उभ्या भागात असेपर्यंतच कामाचा. मेमरी उपकरण पंपाने बाहेर काढायचे असेल तर ते आधी काढावे आणि स्लग नंतर टाकावा. क्रम उलटा झाला तर उपकरण सोडण्यासाठी केलेल्या पंपिंगने स्लग आडव्या भागात जाऊन पडतो आणि त्याचे वजन असून नसल्यासारखे होते.

मग येतो व्हॉल्व्ह. पाईपमध्ये बसणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचे दोन प्रकार प्रामुख्याने दिसतात: एकात स्प्रिंगवरचा दट्ट्या असतो, दुसऱ्यात बिजागरीवर फिरणारी झडप असते. दट्ट्या मडच्या वाटेत सतत उभा असतो, त्यामुळे त्यातून काही पलीकडे जाऊ शकत नाही. झडप उघडल्यावर वाट बरीचशी मोकळी होते. केबलच्या पद्धतीत तर झडपही वाटेत चालत नाही, कारण सॉकेटला डॉकिंग हेडपर्यंत मोकळी वाट लागते आणि झडप केबलवर मिटली तर दोन्ही जातात. म्हणून तिथे अडवणूक डॉकिंग हेडच्या खाली, मड बाहेर पडण्याच्या छिद्रांपाशी करावी लागते. वर, साईड एंट्री सबमध्ये केबलभोवती पॅक-ऑफ असतो. केबल जिथून आत शिरते तिथून मड बाहेर येऊ न देण्याचे काम त्याचे. या पॅक-ऑफचे रबर केबलच्या तारांवर घासून झिजते, आणि बदलायला सर्वांत सोपा असलेला हा भाग बदलायचा राहून जातो, असा माझा अनुभव आहे.

द्राक्षबागेत ठिबक बसवलेल्या दिंडोरी-निफाडकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला एनआरव्ही, म्हणजे हाच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, काय करतो हे विचारा. लाईट गेल्यावर डिलिव्हरी पाईपातले पाणी परत फिरून मोटर उलटी फिरू नये आणि टाकीतले खत विहिरीत उतरू नये, म्हणून तो बसवलेला असतो, आणि त्यात एक खडा अडकला की सगळे मुसळ केरात जाते. तेलविहिरीतही तत्त्व हेच आहे. फरक असा की बागेतला व्हॉल्व्ह उघडून खडा काढता येतो. इथे तो तीन हजार मीटर पाईपच्या टोकाला असतो.

आमच्या चाचणीच्या टेबलावर येणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये बहुतेकदा दिसणारा दोष फार बारीक असतो. झडपेच्या आसनावर, म्हणजे ती मिटल्यावर जिथे टेकते त्या कड्यावर, एका बाजूला चंद्रकोरीसारखा घासलेला पट्टा असतो. बाकीचे कडे आरशासारखे चकचकीत. पाईप आडवा पडल्यावर व्हॉल्व्हही आडवा पडतो आणि बारीक वाळू आसनाच्या खालच्या भागावर बसते. पंप थांबला की झडप त्या वाळूवरच मिटते, आणि पुन्हा पंप सुरू झाला की तिथूनच मडचा जोर वाळूसकट निसटतो. बिजागरी खालच्या बाजूला आली असेल तर झडपेचे वजन तिला मिटवण्याऐवजी उघडी ठेवण्याकडे झुकते. स्प्रिंग जुनी झालेली असली की मग ती आळसावल्यासारखी अर्धवट राहते. उभ्या विहिरीत वर्षभर चाललेला व्हॉल्व्ह आडव्या विहिरीत पहिल्याच खेपेला पाझरतो, त्याचे कारण सहसा एवढेच असते.

चाचणी घेताना आमचा कामगार हमखास सांगतो, "साहेब, दोनशे केजीला टिच्चून धरतोय, दहाला मात्र पाझरतोय." माझे उत्तरही ठरलेले असते: "मग दहालाच धरायला लाव दादा, दोनशेला कुठलाही धरतो." दाब जास्त असला की तोच झडपेला आसनावर दाबून बसवतो आणि बारीक खोट झाकली जाते. कमी दाबाला रबर आणि पोलाद यांना स्वतःच्या अचूकपणावर उभे राहावे लागते. लॉगिंग सुरू असताना होणारा उलटा प्रवाह किती दाबाचा असतो, हे वर पाहिलेच आहे: पाच-सहा केजी. २०० केजीचे प्रमाणपत्र सोबत घेऊन गेलेला व्हॉल्व्ह ६ केजीला गळतो आणि रिगवर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, यात नवल काही नाही. म्हणून आम्ही व्हॉल्व्ह आडवा ठेवून, बिजागरी एकदा वर आणि एकदा खाली करून, आधी कमी दाबाला आणि मग जास्त दाबाला तपासतो. शक्य असेल तेव्हा वाळूमिश्रित पाणी काही काळ त्यातून फिरवल्यानंतर तीच चाचणी पुन्हा घेतो. रबर कोणत्या मडसाठी आहे, हेही विचारतो. पाण्याच्या मडमध्ये नीट चालणारे रबर तेलाच्या मडमध्ये फुगते आणि झडप तिच्याच जागेत घट्ट होते.

आता झाकण्याची बाजू. व्हॉल्व्ह चांगला धरू लागला की पाईप खाली जाताना आपोआप भरत नाही. ठरावीक अंतराने थांबून वरून भरावा लागतो. हे भरणे आळसाने लांबवले तर २००० मीटर खोलीवर रिकाम्या पाईपवर बाहेरून २५० केजी दाब येतो. पाईप चिरडण्याइतका तो सहसा नसतो, पण आत अडकलेली हवा पुढे पंपिंग सुरू झाल्यावर ॲन्युलसमधून वर येते आणि फरशीवरून पाहणाऱ्याला ती हुबेहूब किकसारखी, म्हणजे थरातला वायू किंवा तेल विहिरीत शिरल्यासारखी, दिसते. दुसरे म्हणजे, तोंड बंद असलेला पाईप खाली जाताना फक्त पोलादाइतका नव्हे तर संपूर्ण जाडीइतका मड बाजूला सारतो; पाच इंची पाईपसाठी हा फरक तिपटीहून अधिक आहे. तेवढा मड अरुंद ॲन्युलसमधून वर जायला हवा, म्हणून पाईप भरभर सोडला तर तळाचा दाब वाढून कमजोर थर फुटू शकतो. लॉगिंगला पाईप हळू सोडा असे आम्ही सांगायचो, तेव्हा उपकरणांची काळजी एवढेच कारण लोक धरायचे. निम्मे कारण हे होते.

तिसरी किंमत सर्वांत मोठी आहे. विहिरीत खरोखर वायू किंवा तेल शिरले आणि विहीर बंद करावी लागली, तर ड्रिल पाईपवरचा दाब वाचून तळाचा दाब कळतो आणि कोणत्या घनतेचा मड लागेल ते ठरते. व्हॉल्व्ह नीट मिटलेला असेल तर तो दाब वर पोहोचतच नाही. गेज शून्य दाखवते. मग पंप अतिशय सावकाश चालवून व्हॉल्व्ह कोणत्या दाबाला उघडतो ते पकडावे लागते. ते जमण्यासाठी सरावलेला माणूस आणि अचूक गेज लागते, आणि अशा वेळी दोन्हींची वानवा असते. म्हणूनच काही झडपांना मुद्दाम बारीक भोक ठेवलेले असते, म्हणजे प्रवाह जवळजवळ अडतो पण दाब वर कळतो.

पाईपवरच्या दाबाचा अर्थ चुकीचा लावला तर काय होते, याचा सर्वांत कडू दाखला २० एप्रिल २०१० चा आहे. मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन रिगवर मकोंडो विहिरीची उणे दाबाची चाचणी (विहिरीतला दाब मुद्दाम उतरवून घेतलेली) सुरू असताना ड्रिल पाईपवर १४०० पीएसआय, म्हणजे सुमारे ९८ केजी, दाब दिसत होता आणि किल लाईनमधून, म्हणजे त्याच विहिरीला बाजूने जोडलेल्या नळीतून, मात्र प्रवाह नव्हता. एकमेकांशी न जुळणाऱ्या या दोन आकड्यांपैकी सोयीचा आकडा खरा मानला गेला. त्या रात्री ११ माणसे गेली. ती विहीर आडवी नव्हती आणि ते लॉगिंगही नव्हते. पण खालून ढकलणारे काही आहे का, हेच मोजायला माणसे बसली होती, आणि समोर आलेल्या दाबाचे कारण न शोधता त्याला एक स्पष्टीकरण चिकटवून पुढे गेली. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, आंध्रातल्या पासर्लापुडीला, १९९५ मध्ये पेटलेली विहीर दोन महिन्यांहून अधिक काळ जळत होती. नाशिककरांना गोदावरीचा उगम ठाऊक असतो. मुखाकडचे हे प्रकरण फारसे कोणाला ठाऊक नसते.

यामुळे मी असे मानतो की उलटा प्रवाह दिसला की तो लगेच बंद करण्याची घाई करू नये. आधी तो कशाचा आहे हे ठरवावे. चुऱ्यामुळे झालेल्या घनतेच्या फरकाचा प्रवाह पाईपमधूनच येतो आणि ॲन्युलसची पातळी त्याच वेळी खाली जाते. पंपिंगच्या दाबाने रुंदावलेल्या भेगांतून मड परत येत असेल तर प्रवाह सुरुवातीला जोरात असतो आणि मिनिटागणिक कमी होत जातो. किक असेल तर तो कमी होत नाही, बहुधा वाढतो. यासाठी प्रत्येक जोडणीला पंप बंद केल्यावर किती मड किती वेळात परत आला याची नोंद ठेवण्याची पद्धत आहे. आधीच्या दहा जोडण्यांचा आलेख समोर असला की अकरावी वेगळी आहे हे नवख्यालाही दिसते. लॉगिंगच्या खेपेत ही नोंद बहुधा बंद पडते, कारण ड्रिलिंग संपलेले असते आणि सगळ्यांचे लक्ष लॉगिंगच्या युनिटकडे असते. ती बंद पडू देऊ नये.

आडव्या विहिरीत तर याची गरज दुप्पट आहे. आडव्या भागात शिरलेला वायू तिथल्या वरच्या भिंतीला, उंचसखल जागांत, निवांत पडून राहतो. त्याने उभ्या स्तंभाची उंची कमी होत नाही, म्हणून विहीर बंद केली तरी पाईप आणि ॲन्युलस या दोन्ही बाजूंचे दाब जवळजवळ सारखेच दिसतात आणि आत किती वायू आहे याचा पत्ता लागत नाही. पाईप वर ओढताना उपकरणांचा दट्ट्यासारखा परिणाम होऊन तो वायू वळणापर्यंत खेचला गेला की मग वर चढताना फुगतो, आणि तोपर्यंत उपकरणे विहिरीत, केबल पाईपच्या बाहेर, अशी अडचणीची परिस्थिती असते. साईड एंट्री सबच्या वर केबल पाईपला लागून बाहेरून जाते, त्यामुळे बीओपीचे, म्हणजे विहिरीचे तोंड बंद करणाऱ्या संचाचे, पाईप रॅम (पाईपभोवती मिटणारे जबडे) तिच्यासकट नीट मिटत नाहीत; केबल कापण्याची कात्री फरशीवर हाताशी असली पाहिजे आणि ती कोण चालवणार हे काम सुरू होण्याआधी ठरलेले असले पाहिजे. केबल उघड्या विहिरीच्या भिंतीला चिरडू नये म्हणून साईड एंट्री सब केसिंगच्या बाहेर जाऊ देत नाहीत.

आमच्याकडे व्हॉल्व्ह मागायला येणारे विचारतात, भोकाचा घेऊ की बिनभोकाचा. ड्रिलिंगसाठी मी भोकाचा सुचवतो. मेमरी लॉगिंगच्या खेपेसाठी बिनभोकाचा सुचवतो, कारण त्या बारीक भोकातून थोडा थोडा येणारा मडही तासन्‌तास चालणाऱ्या खेपेत उपकरणाच्या बैठकीपर्यंत चुरा आणून सोडतो. मात्र त्यासोबत एक अट घालतो: व्हॉल्व्ह कोणत्या दाबाला उघडतो, ते केसिंगमध्ये असतानाच सावकाश पंप चालवून पाहावे, तो आकडा ड्रिलरच्या फळ्यावर लिहावा, आणि पाईप भरण्याचे अंतर खेप सुरू होण्याआधी ठरवावे. केबलच्या खेपेसाठी डॉकिंग हेडखालच्या छिद्रांच्या झडपा प्रत्येक खेपेनंतर काढून, आसनाचे कडे नखाने चाचपून, ओरखडा लागला तर बदलाव्यात. लॅपिंग करून, म्हणजे घासून गुळगुळीत करून, पुन्हा वापरण्याची बचत तिथे करू नये. आणि व्हॉल्व्ह परत पाठवताना तो धुऊन पाठवू नका, असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण आसनावर चुरा कोणत्या बाजूला, किती आणि किती बारीक बसला आहे, यावरूनच पुढच्या खेपेला स्प्रिंग किती कडक द्यायची ते आम्हाला ठरवता येते.